निरगुडीची एक काडी



मृग सरला, आर्द्रा लागल्या. आमच्या बेलपाड्यात सध्या जिकडे पाहावं तिकडे चिखल! खारघरच्या डोंगरावरून पांढऱ्या धारा उतरताहेत, मेट्रोच्या पुलाखाली दुचाकीवाले दाटीवाटीने उभे आहेत आणि शाळेत निम्म्या मुलांच्या छत्र्या उरलेल्या निम्म्या मुलांच्या घरी गेल्या आहेत. मैदान बंद म्हटल्यावर मधल्या सुट्टीत एकच कटकट कानावर येते, “बाई, काहीतरी करायला द्या ना!”

घ्या तर मग. या पानावर आपण आतापर्यंत एका दुपारी होणाऱ्या गोष्टी केल्या. आजची गोष्ट मात्र तशी नाही. ती सुरू करायला अर्धा तास पुरेल, पण पूर्ण व्हायला तीन वर्षं तरी लागतील. दचकलात? तीन वर्षांनी तुम्ही आजच्यापेक्षा तीन इयत्ता पुढे असाल, आवाज बदललेला असेल, चप्पल दोन नंबरांनी वाढलेली असेल. आणि तुमच्या खिडकीत वीतभर उंचीचं, पण हुबेहूब मोठ्या वृक्षासारखं दिसणारं एक झाड उभं असेल. ते तुम्ही दुकानातून आणलेलं नसेल. आज हातात घेतलेल्या एका काडीपासून तुम्हीच वाढवलेलं असेल.

ओळखलंत ना? आपण बोन्साय करणार आहोत!

बोन्साय म्हणजे काय?

‘बोन’ म्हणजे उथळ भांडं आणि ‘साय’ म्हणजे रोप. हा शब्द जपानी आहे, पण ही कला जपानच्या आधी चीनमध्ये होती. तिथे एका राजपुत्राच्या कबरीत इ. स. ७०६ मधली भित्तिचित्रं सापडली आहेत. त्यात तबकात छोटी छोटी झाडं आणि दगड घेऊन चाललेले सेवक दिसतात. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीसुद्धा माणसाला ताटलीतल्या झाडाचं वेड होतंच! आपल्याकडे अशा झाडांना वामनवृक्ष असंही म्हणतात. आणि आपण काही मागे नाही बरं का. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात प्राजक्ता काळे यांनी तीन हजारांहून जास्त बोन्साय एका ठिकाणी मांडून दाखवली होती.

पुष्कळांना वाटतं, बोन्साय ही झाडांची वेगळीच बुटकी जात असते. तसं मुळीच नाही. वडाच्या बोन्सायची फांदी नेऊन मोकळ्या जमिनीत लावली, तर ती सरळ मोठा वड होऊन उभी राहील. झाड तेच असतं. त्याचे शेंडे आणि मुळं वेळोवेळी छाटून आपण त्याला लहान ठेवतो, एवढंच.

निसर्गही अधूनमधून हेच करतो. जुन्या इमारतीच्या पाइपाजवळ, भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ पाहिलाय ना? वर्षानुवर्षं तो वीत-दोन वीतच राहतो, कारण मुळांना जागा नसते. आणि डोंगरावर ज्या झुडपांचे शेंडे शेळ्या रोज खुडतात, ती झुडपं उंच होतच नाहीत. खोड मात्र जाड होत जातं आणि फांद्या दाट होतात. थोडक्यात काय, पहिली बोन्साय करणारी ही शेळीच म्हणायची!

निरगुडीच का?

बोन्साय म्हटलं की लोक रोपवाटिकेतून परदेशी रोपटं आणतात, पाचशे रुपये मोजतात आणि दोन महिन्यांत ते वाळून जातं. आपण तसं करायचं नाही. ज्या झाडाला आपला पाऊस, आपलं ऊन, आपली माती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तेच निवडायचं. माझी पसंती आहे निरगुडीला. काही गावांत तिला निगड किंवा निगडी म्हणतात.

निरगुडी ओळखायची कशी? ओढ्याच्या काठी, शेताच्या बांधावर, जुन्या घरांच्या कुंपणाला असलेलं हे झुडूप. एका देठावर तीन किंवा पाच लांबट पानं, हाताची बोटं पसरल्यासारखी. वरून हिरवी, खालून पांढुरकी. फुलं निळसर जांभळी, बारीक, तुऱ्यांत येणारी. एक पान चुरगाळून हुंगा. तिखट, औषधी वास आला की समजा, हीच ती. तरीही खात्रीसाठी घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्या माणसाला एकदा दाखवा. आपल्या आज्या सुजलेल्या गुडघ्यावर हाच पाला गरम करून बांधतात आणि धान्याला कीड लागू नये म्हणून कणगीत हाच पाला टाकतात. गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणाला लावायची पद्धत पडली.

बोन्सायसाठी तिचे तीन गुण महत्त्वाचे. एक, तिची काडी पावसाळ्यात सहज रुजते. दोन, छाटली की ती रुसत नाही, उलट जोमाने फुटते. तीन, छाटत राहिलं की पुढची पानं लहान येतात, त्यामुळे छोट्या झाडावर ती शोभतात. चीनमध्ये तर आपल्या निरगुडीच्याच एका प्रकारापासून फार सुंदर ताटलीतली झाडं बनवतात. आणि आपण? आपण ती कुंपणासोबत उपटून टाकतो!

हे मी उगाच म्हणत नाही. बेलपाडा हे मुळात लहानसं गाव. सिडकोचं खारघर त्याच्या चहूबाजूंनी वाढलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, तेव्हा तिच्या एका स्थानकाला बेलपाड्याचं नाव मिळालं. गावाचं नाव मोठं झालं, पण गावातली कौलारू घरं, अंगणं आणि कुंपणं कमी होत चालली. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका मुलाचं जुनं घर पाडून तिथे इमारत उभी राहायची होती. अंगणाच्या कडेला निरगुडीचं कुंपण होतं. त्याच्या आजीने सून म्हणून घरात आल्यावर लावलेलं. आजी काही बोलली नाही. कुंपणाजवळ गेली, ओटीभर पाला खुडून आत घेऊन आली आणि वाळत घालून बसली.

त्या मुलाने वर्गात विचारलं, “बाई, कुंपण नाही वाचवता येणार, पण निरगुडी वाचवता येईल का?”

याचं उत्तर समजून घ्यायचं, तर बी आणि काडी यांतला फरक कळायला हवा. बीपासून उगवलेलं रोप हे त्या झाडाचं मूल. ते थोडं आईसारखं, थोडं वेगळं असतं. पण काडीपासून वाढलेलं झाड म्हणजे मूल नव्हे. ते तेच झाड असतं! शेतकरी उसाची कांडी लावतो, शेवग्याचा फोक लावतो, आई मोगऱ्याची फांदी लावते. या सगळ्यांत जुनंच झाड नव्या जागी पुन्हा वाढत असतं. याला छाटकलम म्हणतात. म्हणजे कुंपणावरून काडी घेतली आणि ती जगली, तर आजीने लावलेली निरगुडीच जगली.

आम्ही पाच काड्या लावल्या. तीन कुजल्या, दोन रुजल्या. त्यांतली एक आता शाळेच्या आवारात मोकळ्या मातीत आहे आणि माझ्या डोक्यावरून वर गेली आहे. दुसरी त्या मुलाच्या घरी, नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, खिडकीच्या जाळीत आहे. वाढली तेव्हा आजीने पान चुरगाळून हुंगलं आणि नातवाला विचारलं, “ही आमचीच निगड हाय ना रं?” तो म्हणाला, “हो गं, तीच.” आणि ते शंभर टक्के खरं होतं.

काडी कुठून घ्यायची?

नियम पहिला: झाडाच्या मालकाला विचारून घ्यायची. नियम दुसरा: झाड उपटायचं नाही, फक्त फांदी घ्यायची. डोंगरातली जुनी, वेडीवाकडी झुडपं मुळासकट खणून आणणारे लोक असतात. अशी झाडं बहुतेक वेळा जगत नाहीत, आणि डोंगराचंही नुकसान होतं. आपल्या पनवेल तालुक्यातलं कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे. तिथलं तर पानसुद्धा तोडायचं नाही, कायद्याने तो गुन्हा आहे. नियम तिसरा, आमच्या भागातल्या मुलांसाठी खास: काडीच्या निमित्ताने पांडवकड्याकडे किंवा ओढ्याकडे जायचं नाही! पावसाळ्यात तिथे पाणी अचानक वाढतं आणि जीव जातात. शेजारच्या सोसायटीतल्या माळीकाकांना विचारा, मामाच्या गावाहून मागवा. निरगुडी नाहीच मिळाली तर अडुळसासुद्धा काडीने लागतो. त्याची पानं मोठी असतात, पण पहिला सराव म्हणून चालेल.

लावायची कशी?

कापण्याचं काम घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करायचं.

१. कोवळी हिरवी फांदी नको. साल तपकिरी झालेली, पेन्सिलीएवढी किंवा करंगळीएवढी जाड फांदी निवडा. कोवळी फांदी लवकर कुजते. जून फांदीत अन्नाचा साठा असतो आणि मुळं फुटेपर्यंत तोच तिची शिदोरी.

२. वीतभर लांबीच्या पाच काड्या कापा. प्रत्येक काडीवर तीन-चार पेरं हवीत. पेरं म्हणजे जिथे पानं फुटतात ती जागा. खालचा काप पेराच्या किंचित खाली आणि तिरका घ्या. वरचा काप सरळ. यामुळे काडीची खालची बाजू कोणती हे विसरायला होत नाही. उलटी लावलेली काडी सहसा रुजत नाही!

३. खालची सगळी पानं काढा. वर दोनच पानं ठेवा आणि तीही अर्धी कापा. का सांगा बरं? पानांतून पाण्याची वाफ होत राहते, पण पाणी ओढायला मुळंच नाहीत. खर्च चालू आणि कमाई बंद! म्हणून आधी खर्च कमी करायचा.

४. कुंडी, डबा, दुधाची जाड पिशवी, काहीही चालेल. तळाला भोकं मात्र हवीतच. त्यात निम्मी माती आणि निम्मी जाडसर वाळू. खत अजिबात नको. मुळं नसलेल्या काडीला खत देणं म्हणजे तान्ह्या बाळाला पुरणपोळी भरवणं.

५. काठीने भोक करून काडी त्यात ठेवा. दोन पेरं मातीत, बाकीची वर. काडी घुसवू नका, साल सोलते. भोवतीची माती बोटांनी घट्ट दाबा. काडी थोडी तिरकी लावलीत तर पुढे झाडाला वाऱ्याने कललेल्या वृक्षासारखं छान रूप येतं.

६. कुंडी उजेडात पण भर उन्हाच्या आणि पागोळ्यांच्या बाहेर ठेवा. माती ओलसर असावी, पण चिखल नसावा. कुंडीखाली ताटली ठेवली असेल तर तिच्यात साचलेलं पाणी रोज ओतून टाका. डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात.

७. आइस्क्रीमच्या काडीवर तारीख आणि झाड कुठून आणलं ते लिहून मातीत खोचा.

फसवी पालवी

आता खरी परीक्षा. दोनेक आठवड्यांत काडीला इवली हिरवी पालवी फुटेल. तुम्ही उड्या माराल, “जगली, जगली!” थांबा. ही पालवी बहुतेक वेळा काडीतल्या साठवलेल्या अन्नावर फुटलेली असते. खाली मुळाचा पत्ताही नसतो. कितीतरी मुलं इथेच फसतात. काडी उपटून मुळं आली का बघतात, आणि नुकती फुटू पाहणारी मुळं तुटून जातात. परीक्षेचा पेपर लिहिता लिहिता हिसकावून घेतल्यासारखंच हे!

तेव्हा हात लावायचा नाही. साधारण दीड-दोन महिने जाऊ द्या. पालवी टिकून राहिली, नवी पानं एकामागून एक यायला लागली आणि कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं, की मगच समजा काडी रुजली. जिची पालवी कोमेजून काळी पडली, ती गेली. वाईट वाटून घेऊ नका. म्हणूनच तर पाच लावल्या.

पहिलं वर्ष: काहीच करायचं नाही

गणपती झाले की रुजलेली काडी मोठ्या कुंडीत लावा. आता मातीत थोडं कुजलेलं शेणखत चालेल. भरपूर ऊन द्या आणि तिला मनसोक्त वाढू द्या. वाट्टेल तशी, वेडीवाकडी, उंच. पुढच्या पावसाळ्यापर्यंत कैची कपाटात!

“बाई, पण आपल्याला तर छोटं झाड हवंय ना?” हो. पण बोन्सायची शोभा असते जाड खोडात. आणि खोड जाड होतं ते पुष्कळ पानांनी भरपूर अन्न केलं तरच. आधीच छाटत बसलात तर तुमच्या हाती राहील एक बारीक काडी आणि तिच्यावर चार पानं. घाई केली की वर्ष वाया गेलं.

दुसरं वर्ष: शेंड्याची दादागिरी

पुढच्या जूनमध्ये कैची बाहेर काढायची. खोड जमिनीपासून चार-पाच बोटांवर, एका पेराच्या थोडं वर, कापायचं. भीती वाटेल, पण कापा.

काय होतं बघा. झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना सांगतं, “गप्प बसा, मी वाढतोय तोवर तुम्ही फुटायचं नाही.” वर्गात एकच जण सगळी उत्तरं देतो आणि बाकीच्यांना बोलूच देत नाही ना, अगदी तस्सं! शेंडा कापला की ही दादागिरी संपते आणि खालचे झोपलेले डोळे जागे होऊन नव्या फांद्या फुटतात.

निरगुडीला पानं समोरासमोर, जोडीने येतात. म्हणून फांद्याही जोडीजोडीने फुटतात, आणि झाड इंग्रजी वाय अक्षरासारखं दिसायला लागतं. अशा वेळी जोडीतली एक फांदी ठेवायची, एक काढायची. खाली डावीकडची ठेवली तर वर उजवीकडची. ठेवलेली फांदी वाढू द्यायची, मग पुन्हा दोन पेरांवर कापायची. वाढवा आणि कापा, वाढवा आणि कापा. खोडाला आपोआप नागमोडी वळण येतं. तारा गुंडाळायची गरजही पडत नाही. एखादी फांदी आडवी करायची असेल तर तिला सुतळी बांधून कुंडीच्या काठाकडे हळूच ओढा. दर आठवड्याला गाठ सैल करून बघा, नाहीतर सुतळी सालीत रुतते.

तिसरं वर्ष: ताटलीत

तिसऱ्या पावसाच्या सुरुवातीला झाड उथळ भांड्यात जातं. कुंभाराकडचं मातीचं परळ उत्तम. दोन बोटं खोल असलं तरी पुरे. तळाला दोन-तीन भोकं पाडून घ्या आणि त्यांवर जाळीचा तुकडा ठेवा.

झाड कुंडीतून काढा, मुळांची माती काडीने हळूच मोकळी करा. सरळ खाली गेलेली जाड मुळं कापा, बारीक केसाळ मुळं ठेवा. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुळं कापायची नाहीत. जेवढी मुळं गेली, तेवढ्या अंदाजाने पानंही कमी करा. मघाचा हिशोब आठवा, खर्च आणि कमाई! परळात चाळलेला मुरूम, विटेचा चुरा आणि पालापाचोळ्याचं खत सारख्या प्रमाणात घाला. झाड हलू नये म्हणून सुतळीने परळाला बांधा. आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हात न्या.

आणि हो, बोन्साय हे दिवाणखान्यात टीव्हीवर ठेवायचं शोभेचं बाहुलं नव्हे. त्याला रोज चार-पाच तास ऊन लागतं. खिडकीची जाळी, गॅलरी, गच्ची हीच त्याची जागा. जाळीत ठेवलंत तर परळ पक्कं बांधा. खालून माणसं जात असतात.

झाडाला दुखत नाही का?

हा प्रश्न चौथीतल्या एका मुलीने विचारला होता. कैची हातात घेतली तशी ती म्हणाली, “बाई, हा छळ नाही का?” प्रश्न चांगला आहे. त्याला हसायचं नाही.

झाडाला मेंदू नाही, आपल्यासारखे मज्जातंतू नाहीत. म्हणून आपल्याला दुखतं तसं त्याला दुखत नाही. जखम झाल्याचं मात्र झाडाला कळतं आणि ते ती भरून काढायला लागतं. मेंदीचं कुंपण वर्षातून चारदा कापतात, चहाच्या मळ्यात तर सतत खुडणी चालते, आणि ती झुडपं वर्षानुवर्षं टवटवीत राहतात. नीट छाटलेलं, वेळेवर पाणी मिळालेलं बोन्साय कधीकधी जमिनीतल्या भावंडाइतकंच किंवा त्याहून जास्त जगतं.

खरा छळ वेगळाच असतो. जमिनीतल्या झाडाला पाणी कमी पडलं तर ते मूळ आणखी खोल पाठवतं. ताटलीतलं झाड कुठे पाठवणार? दोन बोटं मातीत त्याचं सगळं जग. ते पाणी मागायला येऊ शकत नाही. मे महिन्यात तुम्ही आठ दिवस मामाकडे गेलात आणि कुणाला सांगून गेला नाहीत, तर परत आल्यावर तुम्हाला एक वाळका खराटा दिसेल. म्हणजे छोट्या भांड्यात झाड लावणं हे त्याला शब्द देण्यासारखं आहे: तुझी मुळं मी कापली, आता तुझं पाणी माझ्याकडे.

हा शब्द किती काळ पाळता येतो? ऐका. जपानमध्ये हिरोशिमा शहरात यामाकी नावाचं कुटुंब होतं. त्यांच्याकडे पाइनचं एक बोन्साय होतं, साधारण १६२५ सालापासून जोपासलेलं. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्यांचं घर तिथून सुमारे तीन किलोमीटरवर. खिडक्यांच्या काचा फुटल्या, पण एका भिंतीच्या आडोशाला असलेलं ते झाड वाचलं. १९७६ साली जपानने अमेरिकेला तिच्या स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षानिमित्त ५३ बोन्साय भेट दिली. त्यांत हेही झाड होतं. ज्या देशाने बॉम्ब टाकला, त्याच देशाला! आणि ते देताना यामाकींनी बॉम्बचा उल्लेखही केला नाही. २००१ साली त्यांचे नातू झाड बघायला वॉशिंग्टनला गेले, तेव्हा कुठे तिथल्या लोकांना ही हकीकत समजली.

विचार करा. त्या झाडाचं वय आता चारशे वर्षं झालं आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून, दुष्काळ असो, युद्ध असो, आजारपण असो, कुणी ना कुणी त्याला पाणी घालत आलं आहे. एकाने सोडलं की दुसऱ्याने धरलं.

पाणी घालायची पद्धत

रोज सकाळी बोटाने मातीला हात लावून बघा. वरची माती कोरडी लागली की पाणी, ओली लागली की थांबा. पावसाळ्यात कित्येक दिवस पाणी लागणारच नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ दोनदा लागेल. पाणी झारीने किंवा भोकं पाडलेल्या बाटलीने, हळू, तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत घाला. महिन्यातून एकदा मूठभर भिजवलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी अगदी पातळ करून द्या. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पातळ पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून काढा. गावाला जाताना शेजाऱ्याकडे झाड सोपवा आणि कसं, किती पाणी घालायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. ‘बघा हं जरा’ एवढं पुरत नाही!

आणि कंटाळा आला तर?

तीन वर्षं म्हणजे थोडी नाहीत. कुणाची बदली होईल, कुणाची दहावी येईल, कुणाला मनापासून कंटाळाही येईल. त्यात गुन्हा नाही. फक्त झाड खिडकीत वाळू देऊ नका. परळातून काढा, शाळेच्या, देवळाच्या किंवा सोसायटीच्या आवारात विचारून, पावसाळ्यात मोकळ्या मातीत लावा. मुळांना जागा मिळाली की निरगुडी सगळं छाटणं विसरते आणि एक-दोन वर्षांत पुरुषभर उंच होते. जांभळे तुरे येतात, मधमाश्या येतात. मग कुणाच्या तरी आजीला गुडघ्याला बांधायला पालाही मिळतो. तोही शब्द पाळल्यासारखाच आहे.

तर मग, या रविवारी एक काम करा. आपल्या गल्लीतलं, वाडीतलं कुठलं जुनं कुंपण, कुठलं अंगण यंदा जाणार आहे, ते घरी विचारा. तिथे कोणती झाडं आहेत ते वहीत लिहा. निरगुडी दिसली तर परवानगी घेऊन पाच काड्या आणा. आर्द्रा आहेत तोवर माती ओली आहे आणि हवाही दमट आहे. काड्या रुजायला याहून चांगले दिवस नाहीत.

लावल्यावर मला पत्र पाठवा. पाचांपैकी किती जगल्या ते खरं खरं लिहा. एकही नाही जगली तरी लिहा. काडी कधी घेतली, किती जाड होती, कुठे ठेवली होती, एवढं कळवलंत तर पुढच्या वेळी काय बदलायचं ते आपण मिळून शोधू.

तुमच्या
बाई